अभ्यासक्रम बदलतो तेव्हा शिक्षकाच्या हातून नेमकं काय जातं?

एका शिक्षकांनी विचारलं आहे: "मी २२ वर्षं नववी-दहावीला इतिहास-भूगोल शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पुन्हा अभ्यासक्रम बदलणार. दर बदलाच्या वेळी माझं एक अख्खं वर्ष दडपणाखाली जातं. बोलून दाखवलं की 'या लोकांना बदल नकोच असतो' असा शिक्का बसतो. इतरांनाही असं होतं का? माझी ११ वर्षं उरलीत. घरचे म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घ्या. काय करावं?"

सर, मी ३२ वर्षं माणदेशातल्या, म्हणजे सातारा-सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या, एका अनुदानित शाळेत हेच विषय शिकवले. त्यात चार वेळा पुस्तकं बदलली. इतरांनाही असं होतं. सगळ्यांना होतं. शिक्षकखोलीत ते कुणी बोलत नाही, एवढंच. शेवटच्या बदलाच्या वर्षी, म्हणजे २०१८ मध्ये, मला २५ वर्षांहून जास्त अनुभव होता आणि तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात दहावीच्या वर्गाबाहेर उभी राहून मी पुस्तक छातीशी घट्ट धरलं होतं, नवी शिक्षणसेविका धरते तसं.

'बदल नको असतो' हे निदान चुकीचं आहे. नवा मजकूर शिकायला कुठल्याच बऱ्या शिक्षकाला त्रास होत नाही. इतिहासाचे नऊ-दहा पाठ मे महिन्यात दोनदा वाचून होतात. तुमच्याकडून जे जातं ते दुसरंच काहीतरी असतं, आणि त्याला शासकीय भाषेत शब्द नाही म्हणून ते कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही.

जुन्या दहावीला जगाचा इतिहास होता. साम्राज्यवाद, पहिलं महायुद्ध, रशियन क्रांती, हुकूमशाह्या, दुसरं महायुद्ध, शीतयुद्ध. पहिलं महायुद्ध मी दोरीने शिकवायची. सहा मुलांना पुढे बोलवायचं, दोन गटांत दोऱ्या बांधायच्या, एकाला ऑस्ट्रिया करायचं, सातवा मुलगा सर्बिया. २८ जून १९१४, सारायेव्हो. ऑस्ट्रियाने सर्बियाकडे एक पाऊल टाकलं की दोरी ताणली जायची, जर्मनी ओढला जायचा, मग समोरून रशिया, मग फ्रान्स. दोन मिनिटांत सगळा वर्ग हसत आणि ओरडत असायचा, आणि 'करारांमुळे युद्ध पसरलं' हे वाक्य पुन्हा पाठ करून घ्यावं लागायचं नाही. ही दोरी मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती. आधीची काही वर्षं तो पाठ फसत होता. मुलं देशांची नावं उलटसुलट लिहायची. कुठे अडखळतात ते कळत कळत एक दिवस दोरी सुचली.

अशा एकेका पाठामागे काही वर्षं असतात. कुठल्या शब्दाला मागचा बाक हरवतो, कुठलं उदाहरण आपल्या गावात चालतं आणि कुठलं चालत नाही, फळ्यावर कुठली आकृती कुठल्या क्रमाने काढायची, कुठल्या प्रश्नाला कोण हात वर करणार. ही शिक्षकाची खरी जमापुंजी. पुस्तक बदललं की ती एका रात्रीत शून्यावर येते, आणि त्याच जूनमध्ये वर्ग, तासिका, टाचण, घटक चाचणी सगळं आधीच्याच वेगाने मागितलं जातं. बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हा धक्का दोन वर्षं शिकवलेल्यापेक्षा जास्त बसतो, कारण त्याच्याकडून जातं ते जास्त असतं. त्यामुळे तुमच्या दडपणाचं कारण तुमची अपात्रता नाही.

२०१८-१९ ची दहावी उदाहरणासाठी घेते, कारण ती आपण दोघांनीही शिकवली आहे. महायुद्धं गेली. त्याजागी पहिलाच पाठ इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा: हिरोडोटस, देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको. पंधरा वर्षांच्या मुलांना, त्यातल्या निम्म्यांच्या घरात मेंढरं. मी पहिल्या वर्षी हा पाठ अक्षरशः वाचून दाखवला. कबूल करते, मलाच तो पुरता कळला नव्हता. बी.ए.ला इतिहास असूनही फुको कधी वाचला नव्हता. मुलांनी नावं आणि देश यांच्या जोड्या पाठ केल्या आणि परीक्षेत लिहिल्या.

दुसऱ्या वर्षी मी मुख्याध्यापकांना विचारून शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, वर्गात नेलं. म्हटलं, तुमच्या आजोबांच्या पिढीच्या जन्मतारखा वाचा. एकाची १ जून, दुसऱ्याची १ जून, तिसऱ्याची १ जून. वर्ग हसायला लागला. मग प्रश्न: गावातली निम्मी माणसं एकाच दिवशी जन्मली का? रजिस्टर तर मूळ कागद आहे, सरकारी आहे, मग ते खोटं आहे का? एक मुलगी म्हणाली, "बाई, मास्तरांनी शाळेत घालायला सोपं जावं म्हणून लिहिली असणार. म्हणजे ही तारीख माणसाबद्दल काही सांगत नाही, शाळेबद्दल सांगते." त्या तासाला रांके आला, त्याचा मूळ कागदपत्रांचा आग्रह आला, आणि कागद कुणी, कशासाठी लिहिला हे विचारायचं असतं हेही आलं. तो पाठ चांगला आहे हे मला तेव्हा पटलं. पण पटायला एक वर्ष गेलं, आणि त्या एका वर्षातली ५८ मुलं जोड्या लावून पुढे गेली. अभ्यासक्रम बदलाची किंमत विचाराल तर मला ती ५८ मुलं आठवतात.

भूगोलाचं उलट झालं. दहावीला भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवायचं हे ऐकल्यावर शिक्षकखोलीत सगळे वैतागले होते. आपल्या मुलांना सांगली-सोलापूर नकाशात सापडत नाही, ब्राझील कशाला? पण ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगत अजस्र कडा आहे, समुद्राकडून येणारं बाष्प त्याला अडतं, किनाऱ्यावर पाऊस पडतो आणि कड्यामागचा ईशान्य भाग पर्जन्यछायेत कोरडा राहतो. त्याला अवर्षण चतुष्कोन म्हणतात. हे फळ्यावर काढलं आणि शेजारी सह्याद्री काढला. पुढचं मला सांगावंच लागलं नाही. आमची मुलं जन्मल्यापासून पर्जन्यछायेत राहतात. 'चतुष्कोन' हा शब्द त्यांनी आपल्या तालुक्यालाच लावून टाकला. हा पाठ पहिल्याच वर्षी जमला, कारण त्याची मुळं आमच्या मातीत होती. तुमच्या गावात ब्राझीलचं दुसरंच काही जमेल. ते वर पुण्यात बसून कुणी ठरवू शकत नाही, आणि म्हणूनच शिक्षकाला वेळ लागतो.

प्रश्नपत्रिकेबद्दल जरा जास्त बोलते, कारण खरा बदल पुस्तकात होत नाही, तिथे होतो. भाषांना प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, तेव्हा त्यात 'स्वमत' आलं. कल्पना उत्तम. माझ्या शेजारी बसणाऱ्या मराठीच्या सरांनी पहिल्या सहामाहीला पेपर तपासले तर पाऊण वर्गाने स्वमताची जागा कोरी सोडलेली. नऊ वर्षं 'पुस्तकात आहे तेच लिहा' म्हणून शिकवल्यावर दहाव्या वर्षी मुलाला मत कुठून येणार? सरांनी आठवड्यातून एक तास नुसतं बोलायला ठेवला. पुस्तक बंद, वही बंद. दिवाळीनंतर मुलं लिहायला लागली, अशुद्ध, वाकडंतिकडं, पण स्वतःचं. आणि तोवर बाजारात तयार स्वमतांची गाईडं आली. मुलांनी दुसऱ्याचं मत पाठ केलं, 'मला असे वाटते की' या शब्दांसकट. सरांना त्या वर्षी तीस पेपरांत एकच मत सापडलं. ते फार दुखावले होते, आणि मला आजही वाटतं की त्यांचं दुःख बरोबर होतं. मोकळ्या उत्तराला गुण कसे द्यायचे यावर तपासनीस आणि नियामक यांचंच एकमत नसेल, तर पालक आणि मुलं सुरक्षित वाट धरणारच.

निकालाचंही तसंच. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला, नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या परीक्षेला, तो ७७.१० टक्क्यांवर आला. त्याच वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. ते परत आले, आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के लागला. त्यात भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले, हेही लक्षात ठेवायला हवं. शिक्षक तेच, पुस्तकं तीच. तरी २०१९ च्या जूनमध्ये गावोगावच्या संस्थांच्या बैठकांत शिक्षकांना उभं करून जाब विचारला गेला. आमच्याकडेही. एका तरुण गणित शिक्षिकेला मी त्या बैठकीनंतर जिन्यात रडताना पाहिलं. तिच्या वर्गात अशी मुलं होती जी आधीच्या पद्धतीत सामान्य गणित घेऊन पास झाली असती. ती सोय नववीपासून बंद झाल्यावर त्यांनाही बीजगणित-भूमितीच करावं लागलं होतं. त्या मुलांना प्रमेयापर्यंत आणण्यासाठी ती शनिवारी दुपारी थांबायची. निकालाच्या टक्केवारीत हे कुठे दिसतं?

म्हणून पहिला सल्ला: बदलाच्या पहिल्या दोन वर्षांचा निकाल स्वतःच्या किमतीचं माप म्हणून घेऊ नका. कुणी बैठकीत विचारलं तर वर दिलेले तीन आकडे शांतपणे मांडा.

आता पुढच्या बदलाकडे. धोरण २०२० चं, राष्ट्रीय आराखडा २०२३ चा, राज्याचा शालेय आराखडा २०२४ चा. जाहीर झालेले टप्पे असे: २०२५-२६ ला पहिली, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, २०२७-२८ ला पाचवी, सातवी, नववी, अकरावी, आणि २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी. तारखा पुढेमागे सरकतील, पण हा क्रम कागदावर नीट मांडून पाहा. २०२७-२८ ला नववीत येणारं मूल आठवी जुनी शिकून येणार. त्याच्या पुढच्या वर्षी नववीत येणाऱ्या मुलाचीही आठवी जुनीच, कारण आठवी बदलणार २०२८-२९ ला. म्हणजे नव्या नववीच्या पहिल्या दोन्ही तुकड्या मधली पायरी न चढता वर येणार. मागच्या वेळी अगदी हेच झालं होतं: २०१७-१८ ला सातवी आणि नववी एकदम बदलली, आठवी वर्षभर मागून आली. नव्या नववीच्या पुस्तकाने 'हे तर मुलांना येतंच' म्हणून गृहीत धरलेलं कितीतरी त्या मुलांनी पाहिलेलंच नव्हतं, आणि आम्हाला ते ऑगस्टमध्ये कळलं. तोवर आम्ही मुलांना 'कच्ची बॅच' म्हणून मोकळे झालो होतो. मुलं कच्ची नव्हती. मधली पायरीच नव्हती.

तुम्हाला हे आज माहीत आहे, म्हणून तुम्ही आमच्यापेक्षा पुढे आहात. तुमच्या विषयाची नवी पुस्तकं सहावीपासून जसजशी येतील तसतशी घेऊन वाचा, नववीचं यायची वाट बघू नका. ती वाचताना एकच वही करा: इथे नवीन काय आलं, आणि माझ्या पहिल्या दोन तुकड्यांना यातलं काय मिळालेलं नसेल. तेवढ्यावरून जूनचे पहिले पंधरा दिवस सेतू म्हणून शिकवा. पोर्शन मागे पडेल. पडू द्या, दिवाळीनंतर भरून येतो.

प्रशिक्षणाकडून फार अपेक्षा ठेवू नका. तिथले लोक वाईट असतात असं नाही. राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला उतरता उतरता त्यातलं सत्त्व गळतं. आमच्या एका प्रशिक्षणात मार्गदर्शकांनीच सांगितलं की त्यांच्या हातात पुस्तक चार दिवसांपूर्वी पडलंय. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला, पण आम्ही ऐंशी जण तिथे दोन दिवस पडद्यावरच्या स्लाइडांमधली उद्दिष्टं वाचत बसलो. त्यातून मिळाली ती एकच गोष्ट, पण मोठी: दुपारच्या डब्याला शेजारच्या तालुक्यातल्या तीन शिक्षिका भेटल्या. आम्ही चौघींनी पुढे वर्षभर एक नियम पाळला. पाठ शिकवून झाला की त्याच रात्री दोन ओळी एकमेकींना पाठवायच्या, मुलं कुठे अडखळली आणि काय चाललं. चांगलं काय झालं हे लिहायचंच असं नाही, अडखळणं मात्र लिहायचंच. जानेवारीपर्यंत चार शाळांचं मिळून एवढं साठलं की जे एकटीला पाच वर्षांत जमलं असतं ते एका वर्षात हाताशी आलं. जनरल रजिस्टरची कल्पनाही माझी नव्हे, त्यातल्याच एकीची.

मुख्याध्यापकांकडे एकच गोष्ट मागा, पण चिकाटीने मागा. वेळापत्रक लावताना एकाच विषयाच्या शिक्षकांना आठवड्यातून एक ऑफ तास सामाईक मिळावा, आणि त्या तासाला बदली तास लावू नये. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. लहान शाळेत विषयाला तुम्ही एकटेच असाल, तर भाषेच्या शिक्षकाबरोबर घ्या. कृती कशा काढायच्या हा प्रश्न दोघांना सारखाच आहे.

एक धोका आहे, तो सांगते. नव्या आराखड्यात नववी-दहावीला कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण आणि आंतरविद्याशाखीय विषय भाषा-गणिताच्या बरोबरीने येतात. मुलांच्या दृष्टीने हे मला मनापासून आवडतं. पण शिक्षकाच्या दृष्टीने तासिका म्हणजे नोकरी असते. एका विषयाच्या तासिका वाढल्या की दुसऱ्याच्या घटतात, आणि आठ शिक्षकांच्या शाळेत संच मान्यतेत, म्हणजे शासन शाळेला शिक्षकांची पदं मंजूर करतं त्यात, नवा माणूस मिळेपर्यंत तो विषय 'कुणीतरी' शिकवतो. तो कुणीतरी बहुधा इतिहास-भूगोलाचाच असतो. आपला विषय कुणालाही येतो असा समज आहे. त्यामुळे 'हे काय माझं काम नाही' म्हणून बसण्यापेक्षा आंतरविद्याशाखीय भागात पर्यावरण, स्थानिक इतिहास, क्षेत्रभेट यांतलं काय तुम्हाला शिकवता येईल ते आधीच पाहून ठेवा आणि तेच मागून घ्या. मागितलं नाही तर जे उरेल ते मिळतं.

पहिल्या वर्षी कायमच्या नोट्स करू नका. सुटे कागद ठेवा. मी पहिल्या वर्षी सुंदर अक्षरात वही केली, आणि पुढची तीन वर्षं ती फाडायचं जिवावर आलं म्हणून चुकीची उदाहरणं देत राहिले. आणि जुनं फेकू नका. माझी दोरी पुढे राज्यशास्त्रात आघाडी सरकार शिकवताना कामी आली. एकाने टेकू काढला की सगळे कसे हलतात हे दाखवायला.

पुस्तकात चूक दिसली, किंवा पाठ मुलांच्या डोक्यावरून जातोय असं वाटलं, तर बालभारतीला लिहून कळवा. वर्ग, पान क्रमांक, मुलांनी दिलेली प्रत्यक्ष उत्तरं, असं लिहा. नुसतं 'कठीण आहे' लिहून उपयोग नाही. शिक्षक बोलत नाहीत म्हणून समित्यांना वर्ग दिसत नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आता स्वेच्छानिवृत्तीचं. घरची माणसं तुमच्या काळजीने बोलतात, त्यांना दोष देत नाही. तब्येतीचं कारण असेल तर जरूर घ्या. पण केवळ या बदलाच्या भीतीने घेत असाल, तर थोडा हिशेब करा. २०२७-२८ आणि २०२८-२९ ही दोन वर्षं जड जातील, तिसरं मध्यम, आणि चौथ्या वर्षी तुमच्याकडे पुन्हा तुमच्या दोऱ्या आणि रजिस्टरं असतील. अकरापैकी निम्म्याहून जास्त वर्षं त्यानंतर उरतात. आणि तुम्ही गेलात तर त्या जागी लगेच कुणी येईल याची खात्री नाही. कदाचित त्या दोन बिनपायरीच्या तुकड्यांना इतिहास-भूगोल तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणारा, एखादा मुलगा शिकवेल, आणि ऑगस्टमध्ये त्यांना 'कच्ची बॅच' म्हणेल, कारण आठवीच्या पुस्तकात काय नव्हतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल.

सहावीचं नवं पुस्तक आलं की पहिल्यांदा त्यातले नकाशे बघा, मजकूर नंतर. नववीत काय अपेक्षा असणार ते नकाशांवरून लवकर कळतं. आणि तुमच्या तालुक्यातले आणखी दोन शिक्षक आत्ताच शोधून ठेवा.